फिजीची ३८२ पायांची गोम आमच्या अळूच्या वाफ्यात सापडली का?

सुवाची_अळूवडी

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक होणार आहे, आधीच सांगते. आम्ही ३ वर्षांपासून फिजीत सुवाला राहतो, नवऱ्याची नोकरी इकडे आहे. पाऊस म्हणाल तर जवळजवळ रत्नागिरीएवढाच, वर्षाला ३००० मिमीच्या आसपास, फक्त आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि इथे वर्षभर येत राहतो, त्यामुळे माती अशी कोरडी होतच नाही. घरामागे दालो लावलाय, म्हणजे आपलं अळूच, इकडे कंद उकडून खातात आणि पानं नारळाच्या दुधात शिजवतात, त्याला रोउरोउ म्हणतात, मी अर्थात वड्या करते.

शनिवारी वाफा उकरत होते, बाजूला नारळाचा एक कुजका ओंडका पडलेला, तो उलटला तर खाली एक पिवळट दोऱ्यासारखं काहीतरी. आधी वाटलं मूळ आहे, मग ते हललं. दाभणाएवढी जाड असेल, बोटापेक्षा थोडी लांब, आणि दोन्ही बाजूंना केसासारखे पाय, इतके की नजर ठरेना. आपल्याकडची बाथरूममधली गोम असते ना तशी अजिबात नाही, ती कशी सरसर पळते, ही हळूहळू वाट काढत होती आणि ढेकळाला अडली तर न वळता तशीच मागे मागे गेली!

माझी मुलगी ९ वर्षांची आहे, तिने लगेच बरणी आणली. आता तिला कुठेतरी कळलंय की जगातली सगळ्यात जास्त पायांची गोम फिजीत असते आणि तिला ३८२ पाय असतात, त्यामुळे घरात सकाळपासून एकच विषय. शेजारच्या फिजियन आजी म्हणाल्या दिकिनोवूला हात लावू नका, फार दुखतं. दिकिनोवू म्हणजे इथली गोम. पण त्या ज्या दाखवतात ती मोठी, जाड, तपकिरी असते, ती मी पाहिलीये, ही ती नक्कीच नाही.

तर विचारायचंय हे, की ही ती ३८२ वाली असू शकते का? असेल तर ती फक्त फिजीतच असते हे खरं आहे का आणि मग आम्ही तिचं काय करावं? आणि मुलीचा प्रश्न वेगळाच आहे, ती म्हणते पुस्तकात शतपाद लिहिलंय मग शंभर पाय कुठल्या गोमेला असतात ते सांगा. मला उत्तर देता आलं नाही.

मालवणचो_पावस

ताई सगळ्यात आधी, मारू नका. माती आणि थोडा ओला पाला घालून बरणीत ठेवा, झाकणाला भोकं पाडली तरी बरणी उन्हात नको, ह्या गोमी कोरड्या हवेत लगेच मरतात.

मला नाव वगैरे काही सांगता येणार नाही पण तुम्ही लिहिलंय पिवळट आणि दोऱ्यासारखी, ते वाचून आमच्याकडची आठवली. मोठीला आमच्याकडे घोण म्हणतात आणि तिला सगळे घाबरतात, पण ही बारीक वेगळी, पावसाळ्यात रात्री चिऱ्याच्या पायरीवर किंवा पडवीत दिसते आणि अंधारात पाय लागला, झाडू लागला की हिरवट उजेड सोडते. उजेड तिच्या अंगावर कमी आणि मागे जमिनीवर जास्त राहतो, अशी चमकती रेघच उठते. लहानपणी लाईट गेलेली असताना मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा रडलो होतो, आजोबांनी हात धरून जवळ नेऊन दाखवलं आणि मग तासभर दोघं उकिडवे बसून बघत होतो. तुमची चमकते का बघा एकदा रात्री. मुलीला दाखवाच.

पूर्वा_नाशिक

चावत नाही का पण? आमच्याकडे गोम कानात जाते म्हणतात, लहान मूल आहे घरात, सांभाळून हं ताई. मला तर वाचूनच अंगावर काटा आला पण ३८२ पाय खरंच असतात का हेही वाचायचंय.

मातीवाले_सर

मी प्राणिशास्त्र शिकवून आता निवृत्त झालोय आणि बरीच वर्षं मातीतल्या किड्यांवरच काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मुलीला मोठ्याने वाचून दाखवा, तिच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो कारण खरी गोम तिच्या प्रश्नातच आहे.

शंभर पायांची गोम नसते. शंभर पाय म्हणजे ५० जोड्या, आणि मोठ्या झालेल्या गोमेच्या पायांच्या जोड्या नेहमी विषम असतात. बाथरूममधली लांब पायांची जी पळते तिला १५ जोड्या. शेजारच्या आजी म्हणतात तसल्या मोठ्या घोणीला २१, काही जातींत २३. मातीत राहणाऱ्या बारीक लांब गोमींचा गट वेगळा आहे, जिओफिलोमॉर्फा, नावातच माती आवडणारी असा अर्थ आहे, आणि त्यांच्यात २७ जोड्यांपासून १९१ जोड्यांपर्यंत सगळं सापडतं, पण प्रत्येक वेळी आकडा विषमच. आपल्या देशात बागेत, शेणखतात मेसिस्टोसेफॅलस नावाची एक तांबूस डोक्याची गोम मिळते, तिच्या बहुतेक जातींना ४९ जोड्या, म्हणजे ९८ पाय. त्याच्या पुढचा आकडा ५१, म्हणजे १०२. शंभर मधोमध राहून जातात. आपण मराठीत नुसतं गोम म्हणतो, पाय मोजायच्या भानगडीत पडत नाही ते बरंच आहे.

आता १९१ जोड्या, म्हणजेच ३८२ पाय. हो, ती फिजीचीच. नाव गोनिब्रेग्मॅटस प्लुरिमिपेस. प्लुरिमिपेस म्हणजे लॅटिनमध्ये पुष्कळात पुष्कळ पायांची. राल्फ चेंबरलिन या अमेरिकन अभ्यासकाने १९२० साली ऑस्ट्रेलिया आणि आसपासच्या बेटांवरच्या गोमी आणि वाणी (मिलिपीड) यांच्यावर एक मोठं काम छापलं, त्यात हिचं पहिलं वर्णन आहे. शंभर वर्षं उलटून गेली, आजवर गोमेचा याहून मोठा आकडा कोणी नोंदवलेला नाही. भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांतली हिमँटॅरियम गॅब्रिएलिस म्हणून एक मोठी गोम आहे, ती १७९ जोड्यांपर्यंत जाते, ती सगळ्यात जवळची. आणि होय, प्लुरिमिपेस फिजी सोडून कुठेच नोंदलेली नाही.

तिची प्रजाती, म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींचा गट, मात्र पसरलेली आहे. गोनिब्रेग्मॅटस हे नाव न्यूपोर्ट या इंग्रज माणसाने १८४३ साली फिलिपिन्सच्या नमुन्यावरून दिलं, ती जात क्युमिंगी, शंखशिंपले गोळा करत बेटाबेटांवर फिरणाऱ्या ह्यू क्युमिंगच्या नावावरून. म्हणजे फिजीच्या गोमेचे नातेवाईक पश्चिमेकडच्या बेटांवर बसलेत आणि हिचे पूर्वज बहुतेक तिकडूनच, वाहत आलेल्या एखाद्या ओंडक्यात किंवा मुळांच्या जाळ्यात बसून आले असणार. फिजीची मोठी बेटं ज्वालामुखीतून वर आलेली. अशा ठिकाणी एखादी मादी पोचली आणि टिकली की पुढे तिची पिलावळ बाकी जगापासून तुटते, गोमेला पंख नाहीत, अळीसारखी पाण्यात तरंगणारी अवस्था नाही, डोळे नाहीत. हो, मातीतल्या गोमींना डोळेच नसतात, या गटात एकाही जातीला नाहीत. त्या सगळं जग १४ पेरांच्या दोन मिशांनी चाचपतात.

पूर्वाताईंसाठी. विष आहे, सगळ्या गोमींना असतं. डोक्याखाली दोन वाकडे काटे, म्हणजे आकडे असतात त्यातून ते सोडतात. पण मातीतल्या बारीक गोमींचे आकडे माणसाची कातडी फोडण्याएवढे नसतातच म्हणा ना, त्यांचं भक्ष्य म्हणजे गांडुळाची पिल्लं, अळ्या, मऊ किडे. सांभाळायचं ते मोठ्या घोणीपासून, ती चावली तर खूप दुखतं आणि सूज येते, आजींचं म्हणणं अगदी बरोबर आहे. कानाचं म्हणाल तर हिला ओली माती हवी असते, कान तिच्या काय कामाचा.

आता ताई तुमची. बोटापेक्षा थोडी लांब आणि पिवळट, यावरून मला ती प्लुरिमिपेस वाटत नाही. पण पाय मोजल्याशिवाय मी हो म्हणणार नाही आणि नाही पण म्हणणार नाही. असं करा, पांढऱ्या बशीत थोडं पाणी शिंपडून तिला ठेवा, वरून फोटो काढा, मोबाईलवर मोठा करा आणि एकाच बाजूचे पाय मोजा. दर दहाव्या पायावर ठिपका द्या नाहीतर चुकणारच. डोक्याजवळचे आकडे मोजू नका. शेवटची जोडी चालत नाही, मागे पसरलेली असते, ती मात्र मोजायची.

कोडवाला_पुणे

सर खूप आवडलं, पण एक कळलं नाही, विषमच का? म्हणजे निसर्गाला विषम संख्या माहीत आहे असं तर नाही ना. १५, २१, ४९, १९१ हे सगळे विषम येतात तर मागे काहीतरी नियम चालत असणार, तो काय आहे? आणि मिलिपीडचं काय, त्यांना तर हजार पाय ना?

मातीवाले_सर

तुमच्या प्रश्नावर आख्ख्या प्रयोगशाळा बसल्या आहेत त्यामुळे विचारलंत ते छान केलंत.

ऊस डोळ्यासमोर आणा. गोमेचं अंग म्हणजे पेरं एकामागे एक, प्रत्येक पेराला पायांची एक जोडी. आता ते विषाचे आकडे मी मोजू नका म्हटलं, पण मुळात ते आकडे म्हणजे पायांची पहिली जोडीच आहे, लाखो वर्षांत तिचं हत्यार झालंय. सगळ्या प्राणिजगतात चालायच्या पायांचं असं विषारी हत्यार फक्त गोमींनी केलं. म्हणजे प्लुरिमिपेसची चालायच्या पायांची १९१ पेरं आणि आकड्यांचं १, मिळून १९२. सम झाले बघा. घोणीचे २१ आणि १, मिळून २२. १५ आणि १, १६. कुठलीही गोम घ्या, आकड्यांसकट मोजली की सम.

मग सम का, तर ब्रिटनच्या समुद्रकाठी गोट्यांखाली राहणारी स्ट्रिगामिया मरिटिमा नावाची मातीतलीच गोम आहे, तिच्या अंड्यांवर तिकडच्या लोकांनी काम केलं आणि २००४ साली दाखवलं की अंड्यात पेरं बनताना आखणी आधी दोन-दोन पेरांची होते आणि मग त्या प्रत्येक जोडीत मधे रेघ पडून त्याची दोन पेरं होतात. जनुकं चालू-बंद होण्याचे पट्टे रंगवून त्यांनी हे प्रत्यक्ष पाहिलं. पुढे असंही दिसलं की शेवटची काही पेरं एकेक करून बनतात, त्यामुळे दोन-दोनचा नियम सगळ्या अंगभर जसाच्या तसा लागू नाही आणि तरीही शेवटचा आकडा विषम कसा राहतो यावर अभ्यास चालू आहे. मी निवृत्त झालो तरी हे वाचत असतो, मला यातून सुटताच येत नाही.

याच स्ट्रिगामियाचा आख्खा जनुकसंच २०१४ साली छापून आला. त्यात प्रकाश ओळखणारी नेहमीची जनुकं नाहीतच आणि दिवसरात्रीचं घड्याळ चालवणारीही नाहीत. पण उजेडात ठेवली तर ती अंधाराकडे पळते! कशाने कळतं तिला, हे बघायला कोणीतरी तरुण माणसाने पुढे यायला हवं.

अजून एक, मघाशी लिहायचं राहिलं. मातीतल्या गोमींचे पाय वयाबरोबर वाढत नाहीत. अंड्यातून बाहेर येतानाच पेरं पूर्ण मोजून आलेली असतात, नंतर फक्त लांबी-रुंदी वाढते. बाथरूमवाली गोम उलट, ती जन्मताना ४ जोड्यांची असते आणि कात टाकत टाकत १५ वर येते. पण एकाच जातीच्या दोन मातीतल्या गोमींचा आकडा वेगळा असू शकतो, भाऊ-बहिणींतसुद्धा, आणि साधारण मादीला नरापेक्षा जास्त असतात. म्हणून ३८२ हा प्लुरिमिपेसचा नोंदलेला सगळ्यात मोठा आकडा आहे, फिजीत तिची प्रत्येक गोम ३८२ चीच निघेल असं नाही.

मिलिपीड, आपली वाणी किंवा पैसा, त्यांना एका कड्यावर दोन जोड्या असतात. नावात हजार असले तरी शेकड्यांतच असायचे. पश्चिम ऑस्ट्रेलियात खाणीच्या शोधासाठी पाडलेल्या भोकात ६० मीटर खोलीवर एक सापडली, २०२१ मध्ये तिचं वर्णन छापून आलं, युमिलिपेस पर्सेफनी, तिला १३०६ पाय मोजले. हजाराच्या वर गेलेली ती पहिली. ती पण बिनडोळ्यांची, दोऱ्यासारखी. मातीच्या फटीतून जायचं तर अंग लांब आणि बारीक हवं आणि ढकलायला पाय भरपूर हवेत, ते दोघींनी आपापल्या वाटेने गाठलंय. मातीतली गोम तर गांडुळासारखी अंग आखूड-जाड करून माती बाजूला सारते आणि मग लांब होऊन पुढे घुसते, ताईंनी लक्ष देऊन बघितलं तर बरणीत काचेला लागून दिसेल.

लौतोकाची_सई

ताई बुला! मी पण फिजीतच आहे, लौतोकाला, म्हणजे बेटाच्या कोरड्या बाजूला, इथे ऊस आणि ऊस. तुमच्याकडे सुवाला जंगल अजून जवळ आहे, दोलो-इ-सुवाच्या जंगलात गेलात का मुलीला घेऊन? तिकडे कुजकी लाकडं, पालापाचोळा सगळं आहे, फक्त तिथे ओंडके उलटले तर परत जसे होते तसे ठेवा, खाली राहणाऱ्यांचं घर असतं ते.

मला एक सारखं वाटत राहतं म्हणून लिहिते. फिजीत जमिनीवरच्या प्राण्यांची फार वाताहत झालीये आणि त्यात आपल्याकडच्या प्राण्याचाही हात आहे. उसातले उंदीर खायला म्हणून १८८३ साली मुंगूस आणलं, भारतातून. तेव्हा गिरमिटाची, म्हणजे भारतातून करारावर मजूर आणणारी, जहाजं यायला चार वर्षं झाली होती. उंदीर राहिलेच, मुंगसाने जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे खाऊन टाकले, मोठ्या बेटांवर काही पक्षी तर दिसेनासेच झाले. मग १९३६ मध्ये उसातले किडे खायला मोठा टोड आणला, तो तर तुमच्या अंगणात रात्री बसलेला असेलच. तो जमिनीवर जे हलेल ते गिळतो. पक्ष्यांची मोजदाद होते, इग्वानाची होते, पण मातीतल्या गोमेची कोण करतंय? सर म्हणतात ती जात फक्त इथे आहे, मग इथून गेली तर ती कुठेच नसणार. आमच्या इकडे डोंगरउतारावर ऊस तोडल्यावर आग लावतात तेव्हा मला प्रत्येक वेळी त्या मातीखालच्यांचं वाटतं.

मी नर्स आहे, किड्यांतलं मला कळत नाही, पण तुमच्या मुलीने मोजायचं मनावर घेतलंय हे वाचून फार बरं वाटलं.

सुवाची_अळूवडी

सगळ्यांना वीनाका वाकालेवू! म्हणजे खूप खूप आभार.

मोजले. सांगते सगळं. पहिल्या दोन फोटोंत ती गुंडाळून बसली, तिसऱ्यात सरळ आली. मुलीने स्क्रीनवर मोजायला घेतलं, ७१ आले. मी मोजले, ७४. तर ती लगेच म्हणाली आई तुझे चुकले, सर म्हणाले सम येत नाही. मग फोटो प्रिंट करून आणला, मोठा, टेबलावर पसरला आणि टाचणीने एकेक पायाला भोक पाडत गेलो, ७३ आले. परत दुसऱ्या बाजूने, ७३. म्हणजे १४६ पाय. ३८२ नाही. ती पाच मिनिटं गप्प बसली, खरं सांगायचं तर मी पण, दोघींनाही मनातून तीच हवी होती.

मग रात्री मालवणच्या दादांचं आठवलं. सगळे लाईट बंद केले, पडदे लावले, बरणीतून ओल्या मातीसकट ताटात काढली आणि अंधाराला डोळे सरावेपर्यंत तशाच बसलो. मग मुलीने पिसाने हळूच तिला शिवलं आणि दादा काय सांगू, आधी मधे कुठेतरी ठिणगीसारखं झालं आणि मग दोन्हीकडे पसरत गेलं, हिरवट निळसर, आणि ती पुढे सरकली तरी ताटात मागे उजेड तसाच, पिसाला पण लागलेला. पिसाचं टोक अंधारात चमकत होतं. मुलीच्या तोंडातून आवाज फुटेना. नवरा ऑफिसच्या कॉलवर होता त्याला ओढत आणलं. मिनिटभराने विझत गेलं.

दुसऱ्यांदा शिवलं नाही, तिला त्रास नको म्हणून.

सर, मग ही कोण? आणि मालवणच्या अंगणातली आणि सुवाच्या अंगणातली एकच असू शकते का?

मातीवाले_सर

ताई, तुम्ही दोघींनी टाचणीने मोजलंत हे वाचून मला माझी प्रयोगशाळा आठवली, आम्ही पण सुईनेच मोजायचो.

७३ जोड्या, पिवळट रंग, आणि उजेड, हे सगळं ऑर्फनियस ब्रेव्हिलॅबिएटसशी जुळतं. जगभर उष्ण प्रदेशांत सापडणारी गोम आहे ती, कोकणातही आणि पॅसिफिकच्या बेटांवरही, पायांच्या जोड्या सत्तरीच्या मागेपुढे. शेवटचा शिक्का सूक्ष्मदर्शकाखाली डोक्याचे भाग बघूनच मारतात, पण मालवणचो_पावस यांच्या आजोबांनी दाखवलेली आणि तुमच्या मुलीने पाहिलेली एकाच जातीची असण्याची शक्यता भरपूर आहे. पोटाकडच्या ग्रंथींमधून तो चिकट द्रव येतो आणि हवेत आला की चमकतो. स्वतः आंधळी आहे, म्हणजे हा उजेड तिला स्वतःला बघायला नाही, खायला येणाऱ्याला दचकवायला आहे असं समजतात.

आणि हिच्यामुळे मला दुसरीबद्दल जास्त लिहावंसं वाटतंय. बघा, दोन्ही आंधळ्या, दोन्ही बिनपंखाच्या, दोन्ही मातीतल्या. ऑर्फनियस माणसाच्या सोबतीने फिरली, रोपांच्या मुळांना लागलेल्या मातीतून, कंदांमधून, जहाजाच्या लाकडातून, आणि बागेत, अंगणात, उकिरड्यावर कुठेही ती रमते. प्लुरिमिपेस फिजीत राहिली. एकीच्या नोंदी शंभर ठिकाणच्या, दुसरीच्या एका देशाच्या. सईताईंनी जे लिहिलं ते इथे लागू पडतं, ऑर्फनियस सुवातून उद्या नाहीशी झाली तर मालवणात आहे. दुसरीला मालवण नाही.

ती शोधायचीच असेल तर अंगणापेक्षा जुन्या जंगलाकडे बघा, लाकूड कुजून भुसभुशीत झालंय, खाली काळी ओली माती आहे, अशा जागी. दिसायला लांब आणि खूपच बारीक, डोकं अंगाच्या मानाने लहान. पावसाच्या दिवसांत माती वरपर्यंत ओली असते तेव्हा त्या वर येतात. मादी अंडी घालून बसलेली दिसली, म्हणजे गुंडाळलेली आणि मधे पांढरे मणी, तर ताबडतोब लाकूड परत ठेवा. ती अंड्यांभोवती वेटोळं घालून आठवडेच्या आठवडे काही न खाता बसते, अंड्यांना बुरशी लागू देत नाही, आणि एकदा उठवलं तर बऱ्याचदा अंडी सोडून जाते किंवा खाऊन टाकते. आपल्यामुळे तसं होऊ नये.

फोटो मात्र आयनॅचरलिस्ट या प्राणी-वनस्पतींच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर जागा आणि तारखेसकट टाका, आत्ताच्या ७३ वालीचा पण टाका. सुवातच साउथ पॅसिफिक विद्यापीठ आहे, जीवशास्त्र विभागात फोटो घेऊन जा, मुलीला पण न्या. पकडून किंवा मारून इकडे कोणालाही पाठवायच्या फंदात पडू नका, परवानगीशिवाय प्राणी किंवा माती देशाबाहेर नेता येत नाही आणि नेऊही नये.

मालवणचो_पावस

सर, एकच असेल हे वाचून अंगावर शहारा आला. आजोबा जाऊन १२ वर्षं झाली. ह्या पावसात गावी जाईन तेव्हा मी पण मोजतो टाचणीने, आणि ताई तुम्हाला आकडा कळवतो.

पूर्वा_नाशिक

मी काल बाथरूममधली पहिल्यांदा मारली नाही, फोटो काढला. १५ जोड्याच आहेत, मोजल्या! शेवटचे पाय केवढे लांब असतात, मला आधी वाटलं त्या मिशाच आहेत.

कोडवाला_पुणे

१९१ आणि १ मिळून १९२ हे डोक्यातून जातच नाहीये. सर, ते २००४ चं काम शोधून वाचतोय, जनुकांचं सगळं कळत नाही पण पट्ट्यांचे फोटो कळतात, एक पट्टा आणि मग मधे दुसरा उगवतो ते. अडलं तर इथेच विचारेन.

सुवाची_अळूवडी

सर, सगळं मुलीला वाचून दाखवलं. तिने वहीत तक्ता केलाय, १५, २१, ४९, ७३, १९१, आणि पुढच्या रकान्यात विषाचे आकडे धरून १६, २२, ५०, ७४, १९२, सगळ्यांना दोनने भागून पण ठेवलंय. फोटो टाकलेत आयनॅचरलिस्टवर. विद्यापीठात पुढच्या आठवड्यात जाऊ. शेजारच्या आजींना उजेडाचं सांगितलं तर त्या म्हणाल्या त्यांनी लहानपणी गावी पाहिलंय तसं, आणि आता रविवारी चर्चनंतर त्या आम्हाला त्यांच्या गावाच्या वरच्या जंगलात नेणार आहेत. सईताई, तुम्हाला सुट्टी असेल तर तुम्ही पण या, मेसेज करते.

गोम काल संध्याकाळी सोडली. ओंडका होता त्याच जागी, थोडी माती उकरून बरणी आडवी ठेवली. मुलीला वाटलं ती डोकं पुढे करून जाईल. ती बराच वेळ हललीच नाही, मग शेपटाकडची ती लांब जोडी मातीला लागली आणि तोंड आमच्याकडेच ठेवून मागच्या मागे, एकेक पेर करत, आत गेली. मिशा सगळ्यात शेवटी गेल्या. मग ओंडका हळूच परत ठेवला.

मुलीने विचारलंय की सर, मागे जाताना तिला पुढचं कसं कळतं, तिकडे तर मिशा नाहीत?

मातीवाले_सर

तिला सांगा, त्या शेवटच्या जोडीने. चालायचं काम सोडून ती जोडी मागच्या मिशांचं काम करते. पूर्वाताईंना मिशा वाटल्या त्या उगाच नाही. बोगदा एवढा अरुंद असतो की वळायला जागा नसते, मग मागे जाताना त्याच पुढे चाचपत जातात. रविवारी जंगलात काय दिसलं ते लिहा.